एक डबी कमी

धुकं पडलं की आमचं दार वाजायचं.
स्टेशनातला पोऱ्या, मफलर नाकापर्यंत, एवढंच म्हणायचा,
"मिस्टर ऑर्मरॉड, पडलंय."
वडील तोवर बुटाच्या नाड्या बांधत असायचे,
आई पत्र्याच्या कॅनमध्ये चहा ओतायची,
आणि मला पांघरुणात ऐकू यायचा
त्यांच्या कोटाच्या खिशातला जड, दबका आवाज.
डब्या.

बूटपॉलिशच्या डबीएवढी एकेक,
पोटात बंदुकीची दारू, कडेला शिशाचे दोन कान.
कॅल्डरच्या खोऱ्यात गिरण्यांचा धूर आणि धुकं
एकमेकांत कालवलं की सिग्नल गिळला जायचा.
त्याच्या पायाशी वडील शेगडी पेटवून बसायचे रात्रभर,
डबी रुळावर ठेवायचे, कान वाकवून घट्ट बसवायचे.
सिग्नल मोकळा झाला तर काढून घ्यायचे.
नाही तर इंजिनाचं चाक, आणि एक बार.
ड्रायव्हरला डोळ्यांनी कळणार नाही ते कानांनी कळे:
पुढे जपून.

आम्हाला जपून हा शब्दच माहीत नव्हता.
मी, इनिड, आणि खाटकाचा नॉरिस.
रुळाला कान लावून आम्ही गाडी ओळखायचो,
कोळशाची असेल तर दात हुळहुळायचे.
पेनी ठेवून राजाचं नाक चपटं करायचो.
आणि पादचारी पुलावर उभे राहायचो, ऐन मधोमध,
खालून इंजिन गेलं की
आधी गुडघे जायचे, मग कंबर, मग इनिडची लाल टोपी.
त्या पांढऱ्या उबेत, ओल्या काजळीच्या वासात
स्वतःचा हातसुद्धा परका वाटायचा.
वाफ विरली की मोजायचो: एक. दोन. तीन.
नेहमी तीनच भरायचे.
तरी मोजायचो.

मग ईस्टरच्या सुट्टीतला तो मंगळवार,
आभाळ असं स्वच्छ की पलीकडच्या टेकडीवरच्या मेंढ्या मोजाव्यात.
डबी माझ्या खिशात होती.
कान मीच वाकवले. वडिलांचं पाहून पाहून हात बसला होता.

बार झाला.
नॉरिस हसला, मग हसायचा थांबला,
कारण गाडीही थांबत होती,
डबे एकमेकांवर आदळत, मागे, आणखी मागे, पार मोरीपर्यंत.

ड्रायव्हर उतरला. म्हातारा होता.
आम्ही झुडपात. इनिडच्या मोज्यातून ओल उतरत होती.
मला वाटलं, शिव्या देईल.
तो इंजिनाच्या पुढे चालू लागला,
मग धावू लागला, खडीवर अडखळत,
वळणापर्यंत,
रुळावर कोण पडलंय ते बघायला.

त्या रात्री वडिलांनी टेबलावर डब्या मांडल्या.
अकरा.
पुन्हा मोजल्या, उलट्या बाजूनं.
माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.
वहीत त्यांनी काय लिहिलं ते मला आजही ठाऊक नाही.

नोव्हेंबरात पहिलं धुकं पडलं.
पोऱ्याची पावलं आमच्या दारावरून पुढे गेली
आणि हॉलिन्सांचं दार वाजलं.

आता तिथे रूळ नाहीत. डांबर आहे, सायकली जातात.
नॉरिस कॅनडात आहे म्हणतात.
इनिड ख्रिसमसला कार्ड पाठवते, त्यात हवेबद्दल लिहिते.
आणि मी, धुक्यात गाडी चालवायची वेळ आली तर
रेडिओ बंद करतो, काच खाली घेतो.

पण तो हिवाळा.
धुकं पडलं की वडील उठायचेच.
बूट घालून, नाड्या बांधून
स्वयंपाकघरात दिवा न लावता बसायचे.
आई चहा आता कपात ओतायची.
तो तसाच निवत राहायचा.
मग लांबून, नदीच्या बाजूनं,
हॉलिन्सची डबी वाजायची,
आणि वडील पहिला घोट घ्यायचे.