खरवड

"पाएला नाही गं आजी, पाएया,"
शशिकलाच्या नातवानं वलेन्सियाहून फोनवर सुधारलं,
आणि पुण्यात उच्चार चुकवून
गॅसवर काही चढवायची सोय नाही.
सकाळपासून घोकतेय.
नसीमला वाटलं, मटणाचा पाया.
तिनं विचारलं, नान आणू का.

बुटका तांदूळ लागतो म्हणे,
पाणी पिऊन फुगणारा, तरी अंग न सोडणारा.
सहकारनगरच्या वाण्यानं न विचारता आंबेमोहोर जोखला.
"गच्च होईल. मागाहून तक्रार चालणार नाही."
पाडव्याच्या श्रीखंडातून वाचवलेलं केशर,
सतरा काड्या निघाल्या. कोमट पाण्यात सोडल्या.
एवढं पसरट भांडं घरात कुठलं?
कोपऱ्यावरच्या हलवायाकडून जिलेबीची तई मागितली,
एका संध्याकाळपुरती.
"आतून घासू नका," तो म्हणाला, "तिला सवय नाही."

बाकी सगळं सोपं.
कांदा, लसूण, किसलेला टोमॅटो
तेलात लाल होऊन मऊ पडेतो.
फरसबी, पावटे, ढोबळी मिरचीचे लांब काप.
तिकडची धुरकट मिरचीपूड मिळेना,
ब्याडगी तव्यावर जराशी करपवली, कुटली.
तांदूळ पसरला. केशराचं पाणी, उकळतं पाणी, मीठ.
आणि मग
ढवळायचं नाही.

कागदावर हे दोनदा लिहिलंय, खाली रेघ मारून.
हातात कालथा घेऊन उभी राहिले,
हाताला समजावत.
जन्मभर ढवळतच आलेली मी.

एक्स्चेंजमध्ये आम्ही चौघी ओळीनं बसायचो,
कानावर हेडफोन, पुढ्यात दोऱ्या आणि भोकं.
सोलापूर, बोला. मिरज, बोला. तीन मिनिटं झाली.
एकदा एक दोरी मी काढली नाही.
पलीकडे कालिंदी होती, सुट्टीवरची,
आईशी बोलत होती, घरातलं, रडत रडत.
मी ऐकलं. वर ते एकीला सांगितलं.
दुपारचे डबे उघडेपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं.
तिनं खुर्ची बदलून घेतली.
एकाच खोलीतून दोघी निवृत्त झालो,
तेहेतीस वर्षं लाईन लागली नाही.

आज ती आली. शशिकलानं आणली.
गुडघ्याला पट्टा, हातात सोनचाफ्याची पुडी.
बस म्हटलं तर बसली नाही,
ओट्याला टेकून उभी राहिली.
"पाणी आटलं," म्हणाली. मला नाही, तईला.

नातवानं सांगितलं होतं, शेवटी आच वाढवायची
आणि कान द्यायचा.
तळाशी तडतड सुरू होते, ती हवी.
जरा जास्त झाली की कोळसा.
माझा डावा कान हल्ली कामाचा नाही.
कालिंदी वाकली, केस कानामागे सारले.
नसीम बोलता बोलता थांबली.
"अजून नाही."
खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.
"अजून नाही."
मला तिच्या चेहऱ्याकडे बघायचं होतं,
मी घड्याळाकडे बघत राहिले.
"आता. काढ."

ताटं घेतलीच नाहीत. वर्तमानपत्रावर तई,
जिनं तिनं आपापल्या काठावरून आत यायचं.
उष्ट्याचा प्रश्न शशिकलानं काढला
आणि लिंबू पिळून तिनंच मिटवला.
नसीमनं नान आणलेच होते. तेही खपले.
वाणी म्हणाला ते खरं, मध्यात गच्च झाला.
पण तळाला खरवड धरली होती,
तांबूस, कडक, बशीएवढी,
घरोघरी भावंडं जिच्यावरून भांडतात तशी.

कालिंदीनं ती कालथ्यानं अख्खी सोडवली,
मोडली. मोठा तुकडा स्वतःकडे ठेवला,
दुसरा माझ्या काठाला सरकवला.
"केशर कमी पडलं," म्हणाली.
मी म्हटलं, हो.

तई उद्या सकाळी परत द्यायची आहे.
आतून घासायची नाही.