चाळिसावा शब्द

गुरुवारी चार वाजता, तार्तूत,
हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या खोलीत
जिथे पूर्वी चादरी धुवायचे,
आम्ही चौघं जमतो.
भिंतींना अजून साबणाचा वास.
लीव्ही मेंदूचे फोटो आणते, तावेत आकडे,
मारेत चित्रांची पेटी,
आणि मी लॅपटॉप.
सॉकेट एकच आहे, आणि त्यावर पहिला हक्क किटलीचा.

इथल्या भाषेला चौदा विभक्ती.
नार्वाच्या शाळेत मी त्या रडत रडत शिकले,
घरात रशियन, वहीत लाल शाई.
तेरावी सांगते काय नाही.
चौदावी, काय सोबत आहे.
शब्दाच्या शेवटी 'ता' म्हणजे विना,
'गा' म्हणजे सह.
जीभ दाताला टेकली की नाही,
एवढ्यावर सगळा हिशेब.

हेल्दुर पार्न, वय एकाहत्तर,
तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीपाशी.
फेब्रुवारीत डाव्या बाजूला गुठळी.
शुद्धीवर आला तेव्हा
नामं सगळी जागच्या जागी होती,
शेपट्या तेवढ्या गळून पडलेल्या.

मारेत चित्र दाखवायची: कप, बाजूला फुली मारलेली साखर.
तो म्हणायचा, साखर... साखर...
आणि तळहाताने हवा कापायचा,
सरळ, वखारीतल्यासारखी.
मारेत थांबायची. ती थांबण्यात फार चांगली आहे.

जूनमध्ये चाळीसपैकी एकतीस.
तावेतची रेषा चढत गेली,
तो तिच्याकडे बघून शीळ घालायचा.
सप्टेंबरात एकोणचाळीस:
मिठाविना, टोपीसह, चष्म्याविना, सगळं बिनचूक.
उरला एक.
चित्रात बाकावर एकटा माणूस, शेजारी फुली.
शब्द, बायको.

नाइसेगा, तो म्हणतो. बायकोसह.
न अडखळता. पाच गुरुवार, पाचही वेळा.

आइनोला जाऊन तीन वर्षं झाली
हे आम्हाला मारेतने सांगितलं,
तेही किटली भरता भरता, पाठमोरी.

लीव्हीने फोटोतल्या डागावर पेन ठेवलं:
हा इथवर पसरलाय, म्हणून असेल.
तावेत म्हणाला, एक बिंदू बाहेर पडला
म्हणून रेषा मोडत नाही.
मारेत म्हणाली, बावीस वर्षं मी चुका तपासते,
ही ऐकताना चुकीसारखी वाटत नाही.
मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं,
कारण रकाना माझा होता.
शून्य की एक.

रिकामा सोडता येत नव्हता.
रिकामं दिसलं की माझा प्रोग्राम
आख्खी ओळच फेकून देई,
हेल्दुरसकट, त्याच्या साखर-मीठ-टोपीसकट.
तो नियम मीच लिहिला होता,
दोन वर्षांपूर्वी, एका रात्रीत,
आणि वर स्वतःवर खूश झाले होते.

शेवटी तावेतच म्हणाला, हळूच:
रिकामं म्हणजे शून्य नव्हे, क्सेनिया.
पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हेच शिकवतो.
दोन ओळी बदलायच्या होत्या.
तीन तास लागले.

निबंध गेला. परत आला.
परीक्षकाची एकच शंका:
चाळिसावा शब्द का वगळला, कारण द्यावे.
लीव्हीचं कारण लॅटिनमध्ये आहे,
तावेतचं दीड ओळीचं समीकरण,
मारेतने कागद कोराच परत केला.

आज हेल्दुरची शेवटची तपासणी.
कोट घातला, टोपी घातली,
दोन्ही शब्द नीट उच्चारून दाखवले, मुद्दाम, हसून.
मग दार उघडलं आणि तसंच धरून राहिला,
जरा जास्त वेळ.
बाहेरून बर्फ आत येत होता, लादीवर वितळत होता.
कुणी काही बोललं नाही.
मीही पाय जवळ घेतले,
वाट द्यावी तसे.

आता सात वाजलेत. किटली गार.
टीप क्रमांक चार, कारण, दोन टिंबं,
आणि पुढे कर्सर.
जीभ दाताला लावून बघते.
काढते.