हात लावू नये

तिकिटाच्या खिडकीपाशीच बाबा अडून बसले.
"जिथं मला दिवसाला साडेचार रुपये मिळायचे
तिथं आत जायला मी शंभर मोजू?"
खिडकीतल्या मुलीनं ज्येष्ठांचं अर्धं तिकीट फाडलं
तरी पायऱ्या उतरताना हिशेब चालूच:
अकरा दिवसांची मजुरी.
वर आठ आणे.

वाळपईच्या अलीकडची ही चिऱ्यांची खाण.
आता तिला उद्यान म्हणतात.
खणलेल्या चौकोनांत पाणी, पाण्यात कमळं,
काठाला बांबू,
आणि वळणावळणावर कुणी ना कुणी उभं:
जांभ्याची मासेविकी, सिमेंटचा गवा,
लोखंडी पट्ट्यांचा एक नाचणारा, ज्याला डोकंच नाही.

तन्वेशनं लगेच खेळ काढला, खरं की खोटं.
बगळा? खोटा.
हरीण? खोटं, शिंगातून सळई डोकावते.
बिबट्या खोटा, पण त्याच्या कानात
कुंभारमाशीनं बांधलेलं घर खरं.
मोराला त्यानं खोटा ठरवला, शेपटीला हात घातला,
आणि मोर असा काही ओरडला
की माझ्या हातातलं सोलकढीचं बाटलं सांडलं.
गव्याच्या पाठीवरचा सरडा मात्र
शेवटपर्यंत ठरला नाही.

श्रीकर धनेशासाठी मान वर करून हिंडत होता.
"उंबराला फळं आहेत, येणारच," दर पाच मिनिटांनी.
झाडांच्या गळ्यात लॅटिन नावांच्या पाट्या.
बाबा पाटी वाचत नव्हते,
पान चुरगळायचे, हुंगायचे, टाकायचे.
किंदळ. घोटिंग. ही भिरंड.
"हिच्या बुडात डबे ठेवायचो आम्ही.
मुंग्या ठरलेल्या."

मग तो दिसला.
उंच चौथऱ्यावर, उघड्या अंगाचा, पिळदार,
डोक्यावर पिकास उगारलेला.
खाली पाटी: श्रमिक.
बाबा त्याच्याभोवती दोनदा फिरले,
बाजारात बैल बघावा तसे.
"अशें धरल्यार पांय वतलो."
मी म्हटलं, बाबा, कला आहे ती.
"आसूं. पांय वतलोच."

आणि चौथऱ्यावर चढून
दगडी मनगट धरून ते खाली ओढू लागले.
शिटी वाजली. रखवालदार धावत आला,
काका, हात लावू नये.
"हात लायना रे, शिकयतां."
पोरगा पंचविशीचा, भलत्याच मापाच्या गणवेशातला.
बाबांनी त्याची काठी मागून घेतली.
डावा पाय मागे. कोपर अंगाशी.
घाव खांद्यानं नाही, कमरेनं.
आणि घाव घातल्यावर श्वास सोडायचा, आधी नाही.
पोरग्यानं एकदा करून पाहिलं.
मग इकडेतिकडे बघून पुन्हा एकदा.

मागच्या बाजूला एक भिंत तशीच ठेवली होती,
दोन माड उंचीची, नेच्यांनी भरलेली.
तिथं ना पाटी, ना बाकडं.
बाबा जवळ गेले. चष्मा काढला, कारण
जवळचं त्यांना चष्म्याशिवाय दिसतं.
दगडावर आडवे ओरखडे, हजारो, ओळीनं,
सगळे उजवीकडे झुकलेले.
बोट फिरवत चार पावलं गेले
आणि थांबले.
इथले ओरखडे डावीकडे झुकत होते.
"जुझे," ते म्हणाले.
"डावखुरा. त्याच्या शेजारी कुणी उभं राहत नसे."

मी विचारलं, आता कुठे असतो?
त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.
जुझेच्या ओळींच्या वर, एका बिळातून
निळं काहीतरी सुटलं आणि पाण्याला टेकून परत आलं.
"खरं!" तन्वेश ओरडला.

धनेश आलाच नाही.
परतीच्या वाटेवर श्रीकर त्याबद्दल होंड्यापर्यंत बोलला.
तन्वेश म्हणत होता, सरडा धरायचा की नाही मोजणीत?
बाबा मागच्या सीटवर झोपले होते, तोंड उघडं,
पट्टा मानेवर आलेला,
आणि सदऱ्याच्या खिशावर पाच बोटं, तांबडी.
जांभ्याचा डाग निघत नाही.
मला ठाऊक आहे,
आई चुन्याच्या निवळीत भिजवायची,
तरी निघायचा नाही.