कंबर

धरणातून किती क्युसेक सुटले,
ते दर पाच मिनिटांनी सांगणारं पान मी लिहिलं.
तीन महिने गेले त्यात.

काल आकडा एकाच जागी अडकला.
सातपूरहून स्कूटर काढली,
लॅपटॉप दुधाच्या पिशवीत गुंडाळून.
भांडीबाजारात तांबटकाका
तपेली माळ्यावर चढवत होते.

"किती आहे पाणी?"
"दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला.
छातीला आलं की शटर ओढायचं."
"अंधारात दिसलं नाही तर?"
"पलीकडून कुणीतरी ओरडतं."

दोन तोंडं.
म्हणजे बॅकअपही आहे, मी मनात म्हटलं,
आणि हंडा उचलून वर दिला.
दुसरा दिला.
पायरीवरचं पाणी चपलेत शिरलं

तेव्हा खिशात फोन थरथरला :
पातळी स्थिर.
शेवटची नोंद, सव्वासात.