पंचेचाळीस

कळ्याच्या पुढं, खड्ड्यात, डावं चाक तडकलं
तेव्हा मागच्या सीटवर सलाईनच्या बाटल्या होत्या
आणि फोनवर एक म्हैस : तिसरा तास, पाय अडकलेला.
स्टेपनी चढवून पोचले.
म्हैस वाचली. रेडकू नाही.

भाच्यानं चार अलॉय दिले, रंकाळ्यावर मिरवून झालेले,
पाच पाकळ्यांचे, निम्म्या किमतीत.
"आत्या, गाडी नाद खुळा दिसंल."
ते घेऊन मी उद्यमनगरात गेले,
जिथं भर दुपारी लोखंडाचा कीस
चहाच्या कपात पडतो
आणि कोणी तक्रार करत नाही.

दस्तगीर शिकलगारनं चाक गाडीला लावून बघितलंच नाही.
पोत्यावर पालथं घातलं,
पाठीवर आडवी पट्टी टेकवली
आणि मोजपट्टीचं टोक आत सोडलं,
हब जिथं टेकतो त्या तोंडापर्यंत.
एकशे नऊ. खडूनं फरशीवर लिहिलं.
रुंदीचा निम्मा, एकोणनव्वद. वजा केला.
उरले वीस.
मग माझं तडकलेलं चाक तसंच पालथं.
उरले पंचेचाळीस.

"नट बसत्यात, डॉक्टरीणबाई. चारी भोकं जुळत्यात.
पर बसतंय म्हंजे चालतंय, असं न्हवं."
त्यानं अंगठा पुढं केला, पेरावर नख ठेवलं :
"एवढं भायेर येतंय. एवढंच.
गाडी रुबाबात हुबारंल, खरं.
पर वजन कुठं झेलायचं
ते बेअरिंगला आधीच सांगून ठेवलंय.
तुम्ही चाक भायेर वढलं की आत कायतरी ताणतंय.
लगेच न्हाई. सा म्हैन्यानं गुणगुणाय लागंल.
मागं चार माणसं बसली, गाडी दबली
की पत्रा टायर खाणार."

खरडून भागेल का, मी विचारलं.
तो पहिल्यांदा हसला.
"पंचवीस खरडलं तर चाक न्हाई, ताटली उरंल.
जेवाय घ्या."

मी पुढं बोलले नाही.
हे माप माझ्या ओळखीचं होतं.
खांद्यापर्यंत हात आत, डोळे मिटलेले,
बोटांनी चाचपायचं : पुढचा पाय की मागचा,
मान वळलीय, की नुसती दमलीय.
एका पेराच्या अंतरावर सगळं असतं
आणि बाहेरून म्हैस
म्हशीसारखीच उभी असते.

माळ्यावरून त्यानं चार लोखंडी रिम काढले,
काळे, कुणाच्या तरी मोडीत गेलेल्या गाडीचे.
रॉकेलच्या चिंधीनं गंज पुसला.
खाली आकडा निघाला, ठोकलेला.
त्यानं तो मला बोटानं वाचायला लावला.

भाचा अजून फोन उचलत नाही.
अलॉय गोठ्याच्या भिंतीला टेकलेत,
त्यातल्या एकात कोंबडी बसते.

काल रात्री बाजारभोगावच्या वळणावर
मागं दोन माणसं, एक आजारी वासरू,
स्टिअरिंग शेवटपर्यंत मुरगळलेलं.
मी रेडिओ बंद केला, काच खाली घेतली,
घासल्याचा आवाज येतो का ऐकत राहिले.
नुसता टायरखालचा खडा.
नुसता वासराचा श्वास, जरा जास्तच जोरात.

फाटकापाशी कोणीतरी बॅटरी हलवत होतं.
मी उतरले, बाही वर केली.