ओलं फडकं

तासगावात बेदाण्याच्या सौद्याबाहेर
एक ट्रॅक्टर तीन तास नुसता धडधडत उभा.
ट्रॉली रिकामी झाली, हमाल जेवून आले,
मायाप्पाचा दुसरा चहा झाला,
इंजिन चालूच.

"बंद कर की गा. डिझेल फुकट मिळतंय काय?"
बाबालाल मिस्त्री दुकानातनंच ओरडले.
"बंद केला तर उठायचा न्हाई.
दोन महिनं झालं, जतवरनं निघतोय
ते घरी पोचल्यावरच स्टॉपची तार वडतोय."

बॅटरी नवी होती. सेल्फ मिरजेत बांधून आणलेला.
कुणी फिल्टर बदललेला,
कुणी टाकीत काडी घालून बघितलेली,
मेव्हण्यानं समोर लिंबू-मिरची टांगलेली,
तीही आता वाळून काळी.

मी पाने घेऊन पळत गेलो.
मिस्त्रींनी एकही घेतला नाही.
"सकाळी?"
"अर्ध्या सेल्फात. गार असतोय तवर वाघ."
"आन् तापल्यावर?"
मायाप्पा बॉनेटकडं बघत गप्प राहिला,
म्हाताऱ्या चुलत्याचं दुखणं
त्याच्यासमोरच सांगावं लागतंय जसं.

तार ओढली.
एकदम आतल्या सौद्यातली बोली ऐकू यायला लागली,
एकशे नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव.
मग सेल्फ. घुर्र घुर्र घुर्र.
धुराड्यातनं धुराची रेघसुद्धा नाही.
"धूर न्हाई म्हंजे वर डिझेल पोचंना," मिस्त्री मला म्हणाले.
तेव्हा कुठं पाना मागितला.
इंजेक्टरच्या पाइपाचा नट दोन आटे सैल.
चिळकांडी उडायला हवी होती.
नुसतं ओघळलं,
झोपलेल्या माणसाच्या तोंडातनं ओघळतं तसं.

"फडकं भिजवून आण."

माझंच जुनं बनियन होतं ते.
त्यांनी ते पंपावर पसरलं,
कडेनं दाबलं, वरनं तांब्याभर पाणी सोडलं.
चर्र झालं. वाफ आली.
विडी कानावरच राहिली त्यांची.
पाच मिनिटं कुणी बोललं नाही,
फक्त मी दोनदा फडकं पिळून पुन्हा घातलं.
नट आवळला. "मार सेल्फ."

पहिल्याच झटक्याला उठला.

हमालांनी टाळ्या वाजवल्या.
मायाप्पा मिस्त्रींच्या पायाकडं वाकला.
मिस्त्री मागं सरकले, चेहरा पडलेला.
"ही दवा न्हवं गड्या. ही खूण हाय.
आत रोटर झिजलाय. तापलं की डिझेल पातळ हुतंय,
फटीतनं निसटतंय, दाब धरत न्हाई.
केसाएवढी फट. माझ्या डोळ्याला दिसायची न्हाई,
ह्या पोराच्या नखाला लागंल."

"किती?"
"सतरा-अठरा हजार."
मायाप्पानं सौद्याची पट्टी खिशात आणखी खोल ढकलली.
"आन् फडक्यावर किती दिस निघतील?"
"पाणी असंल तवर."
"जतात?"

दोघंही हसले.
मायाप्पा जरा जास्तच वेळ हसत राहिला.

त्या दिवशी मिस्त्रींनी फक्त चहाचे पैसे घेतले.
पुढं दर सौद्याला ट्रॅक्टर यायचा,
मडगार्डला पाच लिटरचा कॅन बांधलेला,
त्यावर बायकोनं खडूनं लिहिलेलं,
पिऊ नये, पंपाचं हाय.

मेच्या शेवटाला एसटीनं आला, एकटाच.
मांडीवर पंप, बाळंतणीच्या पोरासारखा गुंडाळलेला.
मी सोडला.
माझंच बनियन.
कोरडं ठक्क.