आखूड खांब

पोर्तोव्हिएहोत रात्री अकरा वाजता
नार्सिसा लोर पडद्यावर
सी-सात नंबरचा खांब पुन्हा हलवून बघते.
खांब वाकतो, सावरतो, पुन्हा वाकतो,
लव्हाळ्यासारखा समजूतदार.

इतका शहाणा तो नव्हता.

खरा सी-सात तिने हाताने चाचपलाय.
शाळेच्या व्हरांड्यात, खिडकीच्या उंचीला,
दोन तिरक्या भेगा एकमेकींना छेदून गेलेल्या.
चुकलेल्या गणितावर बाईंनी मारावी
तशी फुली.
आत भुगा. रिंगांचे आकडे उघडलेले,
वीस-वीस सेंटीमीटरवर एकेकट्या.

नकाशात खांब तीन मीटरचा.
सॉफ्टवेअरमध्येही तीन मीटरचा.
पण दोन्ही अंगांना डॉन एउस्तोर्हिओने
डोक्याइतकी उंच वीट चढवली होती
(पोरं रस्त्याकडे बघत बसतात, हेडमास्तर म्हणाले होते)
आणि खांब मोकळा उरला एक मीटर.
भिंत भार घेत नाही, म्हणून हिशेबात धरली नव्हती.
भिंतीने मात्र त्याला गच्च धरलं.
लांबी एक तृतीयांश, कातरबल तिप्पट.

मोडेन पण वाकणार नाही,
हा बाणा माणसाला शोभत असेल.
ज्याच्या डोक्यावर चौथीचा वर्ग आहे
त्याने वाकावं.

आता ती भिंत घालते.
खांबाच्या पोटात एक स्प्रिंग घालते, शून्य लांबीची,
तिला सांगते: इथवर सोसायचं,
मग सोडून द्यायचं.
अकराशे सेहेचाळिसाव्या पायरीवर यंत्र अडतं.
उत्तर जुळत नाही.
पायरी बारीक करते. अजून बारीक.
कॉफीवर साय धरते.

पावणेतीनला रेघ चढत जाते
आणि कड्यावरून पाय निसटावा तशी
सरळ खाली.
"तुटला!" ती ओरडते, टाळी वाजवते,
आणि वाजलेल्या टाळीचे हात
तसेच मांडीवर ठेवून बसते.
शनिवार होता त्या दिवशी. वर्ग रिकामे होते.
याच नकाशाच्या अजून अकरा शाळा आहेत,
आणि आज सोमवार उजाडतोय.

सहाला ती फोन लावते.
"भिंत पाडू नका, डॉन एउस्तोर्हिओ.
खांबापासून फक्त सोडवा."
"किती?"
"दोन बोटं."
पलीकडे म्हातारा बराच वेळ गप्प.
मग म्हणतो, "फटीतून सरडे येतील वर्गात."

"येऊ देत."